सातबारावरचा 'भोगवटादार'

सातबारा उतारा बारकाईने पाहिला, तर एक गोष्ट ध्यानात येते. नावांच्या रकान्याचे शीर्षक 'मालक' नसून 'भोगवटादार' आहे. स्थावर मिळकतीच्या दलालांना महारेराने २०२३ साली परीक्षा सक्तीची केली. तेव्हापासून माझ्याकडे शंका घेऊन येणाऱ्या परीक्षार्थींना मी प्रथम हाच शब्द दाखवतो. कायद्याची पदवी माझ्यापाशी नाही. जमाबंदीचे जुने अहवाल वाचता वाचता मी या शब्दापर्यंत पोचलो.

पेशवाईत जमीन कसणारे मुख्यतः दोन प्रकारचे होते, मिरासदार आणि उपरी. मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेचा असे. तो जमीन विकू शके आणि मिरासपत्रावर पाटील-कुलकर्ण्यांची व गावकऱ्यांची साक्ष पडे. दुष्काळात परागंदा झालेला मिरासदार वर्षांनी परतला, तरी आपले शेत मागू शके. उपऱ्याला तसा आधार नव्हता. म्हणजे हक्काचा पुरावा सरकारी वहीपेक्षा गावाच्या स्मरणात होता.

इंग्रजांना काळजी होती ती वसुलीची. प्रिंगल यांची पहिली पाहणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ साली इंदापूर तालुक्यात नवी पद्धत लावली. शेताचा नंबर हा एकक ठरला, मातीचा कस पाहून आकार बसवला आणि तो तीस वर्षांसाठी कायम केला. सारा भरणाऱ्याकडे जमीन राहू लागली. ती सोडायची तर राजीनामा आणि घ्यायची तर कबुलायत, एवढ्या दोन कागदांवर काम भागे. मिरासदार-उपरी हा भेद हळूहळू पुसट झाला. १८७९च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने या सारा भरणाऱ्याला 'ऑक्युपंट' म्हटले. त्याचेच मराठी रूप म्हणजे आपला भोगवटादार.

पण सारा कोण भरतो एवढ्याने गहाण, वाटणी, कूळवहिवाट कळत नव्हती. म्हणून १९०३च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली. पुढे गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार, आणि नमुना सात व बारा मिळून सातबारा अशी मांडणी रूढ झाली. १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतील कलम १५७ सांगते, की नोंद खरी मानावी, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. हे अनुमान आहे, निवाडा नव्हे. मालकी हस्तांतरित होते ती १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने. शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही आणि संपतही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६च्या सावर्णी खटल्यात स्पष्ट केले आहे.

हा भेद परीक्षेपुरता नाही. बाप वारला, की अनेक घरांत फेरफार फक्त मुलांच्या नावे होतो. बहिणींची नावे गळतात आणि काही वर्षांनी 'सातबारावर तिचे नाव कुठे आहे?' असे विचारले जाते. हिंदू वारसा कायद्याने १९५६पासून मुलगी मुलाच्या बरोबरीची पहिल्या वर्गाची वारस आहे. २००५च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत तिला जन्मतः हक्क मिळाला. नाव न लागल्याने तो हक्क बुडत नाही. तो सोडायचा असेल तर तिने स्वतः नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिले पाहिजे. तलाठ्यापुढची कोरी सही म्हणजे हक्कसोड नव्हे.

आणि जे विकणाऱ्याकडेच नाही, ते त्याला विकता येत नाही. एकट्या भावाकडून अख्खे शेत घेणाऱ्याच्या पदरी बहिणीचा हिस्सा पडत नाही, दावा मात्र पडतो. म्हणून दलालाने सातबारा पाहून थांबू नये. जुने फेरफार काढावेत, मागचे दस्त तपासावेत, वारसांची नावे विचारावीत. भोगवटादार वर्ग दोन असेल, तर परवानगीची अट पाहावी.

सारा गोळा करण्यासाठी काढलेल्या वहीला आपण मालकीचा दाखला समजू लागलो. शेत मात्र अजून त्या वहीत नाव नसलेल्या लेकीचेही आहे.