कार्बन नॅनोट्यूबचे सूक्ष्मलहरी मापन

चेन्नईच्या दक्षिण भागातील वेलचेरीला लागून आयआयटी मद्रासचा परिसर असून, जवळच तरमणी येथे 'समीर' या संस्थेचे विद्युतचुंबकीय केंद्र आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या 'समीर'चे मुख्यालय मुंबईत पवई येथे आहे. तरमणी केंद्रात अँटेना तसेच उपकरणांमधील विद्युतचुंबकीय अडथळ्यांच्या चाचण्या होतात. आयआयटीच्या भौतिकशास्त्र विभागात २००० च्या दशकापासून बहुभित्ती कार्बन नॅनोट्यूब तयार केल्या जात आहेत.

जपानचे सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये या नलिकांची रचना जगापुढे मांडली. अत्यल्प प्रमाणात मिसळल्या तरी त्या प्लास्टिकला वीजवाहक बनवतात. त्यामुळे रडार लहरी शोषणारे लेप व हलकी संरक्षक आवरणे यांसाठी त्यांचा विचार होतो. मात्र असा पदार्थ ८ ते १२ गिगाहर्ट्झच्या लहरींना कसा प्रतिसाद देतो, हे अचूक मोजणे सोपे नाही.

प्रचलित पद्धतीत २२.८६ मिमी रुंद व १०.१६ मिमी उंच पोकळीच्या धातूच्या तरंगमार्गकात नमुना बसवतात. नेटवर्क अॅनालायझर परावर्तित व पार गेलेली लहर मोजतो. १९७० मध्ये निकोल्सन व रॉस यांनी आणि १९७४ मध्ये वेअर यांनी मांडलेल्या गणितातून पदार्थाचा पराविद्युतांक काढला जातो.

खरी अडचण नमुना बसवण्यातच आहे. नमुना आणि रुंद भिंत यांत कागदाच्या जाडीएवढी, म्हणजे ०.१ मिमी फट राहिली, तर साध्या प्लास्टिकचा ३ हा अंक २.९४ दिसतो, हा फरक नगण्य होय. परंतु नॅनोट्यूबमिश्रित पदार्थाचा खरा अंक ५० असल्यास तोच सुमारे ३४ भरतो. ज्या गुणासाठी हा पदार्थ निवडला जातो, तोच मापनाला चकवतो. उपाय म्हणून फटीत चांदीचा वाहक लेप भरतात किंवा भिंगयुक्त अँटेनांमध्ये मोकळ्या हवेत नमुना तपासतात. नमुना फार वाहक असल्यास पलीकडे लहरच पोहोचत नाही. तेव्हा तो पातळ करावा लागतो.

एकट्या नलिकेचे मापन त्याहून अवघड. एकभित्ती धातुरूप नलिकेचा रोध उत्तम जोडणी असतानाही सुमारे ६.५ किलोओहम असतो, तर उपकरणे ५० ओहमसाठी बनलेली असतात. परिणामी सुमारे ९७ टक्के शक्ती परत फिरते आणि उरलेल्या अल्प संकेतातून नलिकेचे गुणधर्म शोधावे लागतात.

संरक्षक आवरणांविषयीच्या माहितीत बहुधा केवळ डेसिबलचा आकडा ठळकपणे दिला जातो. २० डेसिबल म्हणजे शंभरातील एक भाग शक्ती पलीकडे जाणे. उरलेले नव्व्याण्णव भाग पदार्थाने शोषले की परतवले, हे त्या आकड्यावरून कळत नाही. रडारपासून लपू पाहणाऱ्या विमानाला परतवणारा लेप उपयोगाचा नाही. त्यासाठी परावर्तनाचे स्वतंत्र मापन मागावे लागते.