कोष्टकांतील अनुक्रम

सांख्यिकीय कोष्टकातील नावे किंवा गट कोणत्या क्रमाने मांडावयाचे, यासंबंधीचा संकेत. अकारविल्हे किंवा आकड्यांच्या लहानमोठेपणानुसार केलेली मांडणी आपोआप ठरते. भौगोलिक सलगता, प्रशासकीय परंपरा वा ऋतुचक्र यांवर आधारलेला क्रम मात्र मुद्दाम ठरवून नोंदवून ठेवावा लागतो. जव्हार व मोखाडा या शेजारच्या तालुक्यांच्या उदाहरणावरून त्याचे महत्त्व स्पष्ट होते.

ब्रिटिश अमदानीत जव्हार हे संस्थान, तर मोखाडा हा ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील पेटा होता. जनगणनेत ब्रिटिश मुलूख व संस्थाने यांचे आकडे वेगवेगळे देत. त्यामुळे परस्परांना लागून असलेले, आदिवासीबहुल असे हे दोन डोंगराळ प्रदेश कागदोपत्री दूर राहिले. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले व पुढे दोहोंची नोंद ठाणे जिल्ह्याच्या एकाच कोष्टकात होऊ लागली.

जिल्ह्यांचा क्रमही कायम राहिला नाही. १९९१ च्या जनगणनेत बृहन्मुंबई व ठाणे आरंभी होते. २००१ मध्ये वायव्येकडील नंदुरबारपासून निघून लगतच्या जिल्ह्यांतून नागमोडी जाणारा क्रम स्वीकारण्यात आला. त्यात ३५ जिल्ह्यांपैकी ठाणे एकविसावे आले. साहजिकच केवळ अनुक्रमांक जुळवून या दोन जनगणनांची तुलना केल्यास भलत्याच जिल्ह्यांचे आकडे समोरासमोर येतात.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्यातील आठ तालुके २०११ च्या जनगणनेत तलासरी, डहाणू, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, वाडा, पालघर व वसई या भौगोलिक क्रमाने आहेत. अकारविल्हे मांडणीत जव्हार पहिले व मोखाडा पाचवे येते. रोमन लिपीत ही दोन नावे योगायोगाने पुन्हा लागोपाठ येतात. मात्र वाड्याचे रोमन लेखन बदलताच त्याची जागा बदलते. लोकसंख्येच्या उतरत्या क्रमाने वसई (१३,४३,४०२) अग्रभागी, जव्हार (१,४०,१८७) सहावे व मोखाडा (८३,४५३) शेवटी जाते. आकडे तेच असले, तरी कुपोषणासारखा दोन्ही तालुक्यांना सामाईक असलेला प्रश्न सलग ओळींत चटकन लक्षात येतो, विखुरलेल्या ओळींत तो निसटतो.

काळाच्या क्रमालाही हेच लागू पडते. या भागातील अनेक कुटुंबे खरिपाची कापणी आटोपल्यावर मजुरीसाठी बाहेर पडतात व पावसाळ्यापूर्वी परततात. जानेवारीपासून मांडलेले कोष्टक हा स्थलांतराचा हंगाम मधोमध तोडते. जूनपासून मांडलेले तो अखंड दाखविते.

संगणकामुळे हा प्रश्न नव्याने पुढे आला. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधाधिष्ठित प्रतिमानात ओळींना अंगभूत क्रम नसतो. तो मागणीच्या वेळी सांगावा लागतो. न सांगितल्यास व्यावसायिक अहवालांत महिन्यांची नावेही सामान्यतः वर्णानुक्रमे लागतात. यावर उपाय म्हणून नावाच्या स्तंभाला क्रमांकाचा वेगळा स्तंभ जोडतात व त्यानुसार मांडणी करवितात. त्यासाठी प्रत्येक नावाला एकच क्रमांक असणे आवश्यक असते. जनगणनेतील स्थान-संकेतांक हेच कार्य करतात. म्हणून ते कोणत्या वर्षाचे आहेत, हे कोष्टकासोबत नमूद करणे इष्ट ठरते.