फेंसाचें गणित

श्रोतेहो, मद्याचा पुरस्कार करण्यासाठीं मी आपणांसमोर आलों नाहीं. परंतु पेल्यावरील फेंसालाहि इतिहास असतो, तो आज सांगावयाचा आहे.

आयर्लंडांतील डब्लिन शहरीं आर्थर गिनेस यानें १७५९ सालीं बिअरचा कारखाना थाटला. पुढें तेथील काळी बिअर गुत्त्यांतून दोन पिंपांतून वाढीत. एकांत ताजी, फेंसाळ, दुसऱ्यांत निवळलेली. दोहोंचा मेळ घालून दाट फेंस आणणें हें वाढणाऱ्याचें कसब असे. हात चुकला कीं पेला बिघडे.

हें काम सोपें केलें मायकेल अ‍ॅश या केंब्रिजच्या गणितज्ञानें. बिअरमध्यें कार्बन डायऑक्साइड वायु सहज विरघळतो. त्याचे बुडबुडे मोठे होतात व लवकर विरतात. नत्रवायु फारच थोडा विरघळतो. त्यामुळें त्याचे बुडबुडे बारीक राहून टिकतात. मात्र तो द्रवांतून सहजीं सुटत नाहीं. म्हणून तोटींत बारीक छिद्रांची चकती बसवितात. दाबाखालीं आलेली बिअर त्यांतून घुसतांना दाब एकाएकीं उतरतो, द्रव घुसळला जातो आणि सायीसारखा फेंस वर जमतो. अ‍ॅश यांची योजना १९५९ सालीं प्रचारांत आली.

दोन पिंपांचें तें जुनें कसब त्यामुळें मागें पडलें, याची हळहळ वाटते. तरीहि पाऊण पेला भरून थांबावयाचें, फेंस स्थिरावला म्हणजे उरलेला भरावयाचा, हा रिवाज आजहि टिकून आहे.

गणित काय कामाचें, असें मुलें मला वर्गांत विचारीत. त्याचें एक उत्तर हें आहे. उदाहरण मद्याचें, एवढीच शिक्षकाची अडचण!