कंट्री गायकांचे पॉप यश (१९५६–५८)

अमेरिकेतील कंट्री संगीताच्या गायकांनी रॉक अँड रोलच्या उदयकाळात पॉप श्रोतृवर्गात मिळवलेले यश (पहा : कंट्री संगीत, रॉक अँड रोल).

त्याआधी सामान्यतः कंट्री गाणे पॉपमध्ये जाई, मूळ गायक मागे राही. हँक विल्यम्सचे ‘कोल्ड, कोल्ड हार्ट’ १९५१ मध्ये पॉप श्रोत्यांपर्यंत पोचले ते टोनी बेनेटच्या आवाजात. पुढे मूळ गायक स्वतःच पॉपमध्ये पोचू लागले. मार्टी रॉबिन्सची दोन गाणी हा बदल सर्वांत स्पष्ट दाखवतात. १९५६ मध्ये त्याचे ‘सिंगिंग द ब्लूज’ कंट्री यादीत पहिले होते, पण पॉपमधील पहिले स्थान गाय मिचेलच्या ध्वनिमुद्रणाने घेतले. १९५७ मध्ये रॉबिन्सने ‘अ व्हाइट स्पोर्ट कोट’ न्यूयॉर्कमध्ये रे कॉनिफच्या वाद्यवृंदासह गायले आणि पॉप यादीत स्वतः दुसरा क्रमांक गाठला. गायक तोच होता. बदलली होती वाद्यरचना आणि गाण्याचा किशोरवयीन विषय. म्हणून या यशाचे श्रेय नव्या तरुण ग्राहकाला अधिक द्यावे लागते.

हे गायक कंट्री सोडूनच यशस्वी झाले, असा आक्षेप घेतला जातो. रॉबिन्सपुरता तो अंशतः खरा आहे. मात्र एव्हर्ली बंधूंचे ‘बाय बाय लव्ह’ (१९५७) कंट्रीत पहिले व पॉपमध्ये दुसरे आले, आणि त्यातील जुळे स्वर दक्षिणेकडील बंधुगायनाच्या जुन्या परंपरेतलेच आहेत. कार्ल पर्किन्सचे ‘ब्लू स्वेड शूज’ (१९५६) तर कंट्री, पॉप व ऱ्हिदम अँड ब्लूज या तिन्ही याद्यांत वर चढले, त्याच्या ठेक्यावर कृष्णवर्णीय संगीताचे ऋण उघड आहे (पहा : रॉकाबिली, नॅशव्हिल साउंड).