पगारातून टीडीएस नेमका कसा कापला जातो? आणि नोकरी बदलताना काय चुकतं?

पगाराचा मेसेज येतो आणि आकडा नेहमीपेक्षा कमी असतो. सॅलरी स्लिप उघडली की कपातीच्या बाजूला साधारण तीन ओळी दिसतात: पीएफ, प्रोफेशनल टॅक्स आणि टीडीएस. काही स्लिपवर टीडीएसच्या जागी नुसतं ‘इन्कम टॅक्स’ लिहिलेलं असतं. पीएफ सहसा सारखाच राहतो. प्रोफेशनल टॅक्स महाराष्ट्रात बहुतेकांना महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २,५०० रुपये बसतो. टीडीएसचा आकडा मात्र मधेच बदलतो, आणि तो का बदलला हे स्लिपवर कुठेच लिहिलेलं नसतं.

बऱ्याच जणांना वाटतं की आपण ज्या स्लॅबमध्ये आहोत तेवढे टक्के दर महिन्याच्या पगारातून जातात. तसं नाहीये. आयकर हा वर्षाच्या उत्पन्नावर लागतो, महिन्याच्या नाही. कंपनी वर्षाच्या सुरुवातीला अंदाज बांधते की तुम्हाला मार्चपर्यंत एकूण किती पगार मिळेल, त्यावर पूर्ण वर्षाचा टॅक्स काढते आणि तो महिन्यांमध्ये वाटते.

मी काही काळ पेरोलच्या सॉफ्टवेअरवर काम केलंय. त्यातलं लॉजिक अगदी सरळ असतं. वर्षाचा अंदाजे टॅक्स काढा, आत्तापर्यंत कापलेला वजा करा, उरलेल्या महिन्यांनी भागा. पुढच्या महिन्यात हेच सगळं पुन्हा, पहिल्यापासून.

आकड्यात बघू

खालचे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आणि नवीन करप्रणालीचे आहेत. (१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू, त्यामुळे त्यानंतर कलमांचे क्रमांक वेगळे असतील.) पहिल्या ४ लाखांवर टॅक्स नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १० टक्के, १२ ते १६ वर १५ टक्के, १६ ते २० वर २० टक्के, २० ते २४ वर २५ टक्के आणि त्यापुढे ३० टक्के. पगारदारांना ७५,००० रुपयांचं स्टँडर्ड डिडक्शन मिळतं. ते वजा केल्यावर उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७ए च्या रिबेटमुळे टॅक्स शून्य. ‘पावणेतेरा लाखांपर्यंत टॅक्स नाही’ असं लोक म्हणतात ते यामुळेच.

समजा तुमचा ग्रॉस पगार वर्षाला १५ लाख आहे. ग्रॉस म्हणतोय, सीटीसी नाही. सीटीसीमध्ये कंपनीचा पीएफचा हिस्सा आणि ग्रॅच्युइटीही धरलेली असते. १५ लाखांतून ७५,००० गेले, उरले १४.२५ लाख. पहिल्या ८ लाखांपर्यंत २०,०००, ८ ते १२ साठी ४०,००० आणि वरच्या सव्वादोन लाखांवर ३३,७५०. एकूण ९३,७५०, त्यावर ४ टक्के सेस ३,७५०, म्हणजे ९७,५०० रुपये. भागिले १२, महिन्याला ८,१२५.

आता सप्टेंबरमध्ये १ लाख बोनस आला. वर्षाचा टॅक्स होतो १,१३,१००, म्हणजे १५,६०० ने जास्त. काही कंपन्या हे सगळे १५,६०० बोनसच्या महिन्यातच घेतात, मग त्या महिन्याचा टीडीएस २३,७२५ दिसतो. काही कंपन्या ते मार्चपर्यंत पसरवतात. ऑगस्टपर्यंत ४०,६२५ गेलेत, उरलेले ७२,४७५ सात महिन्यांत, म्हणजे महिन्याला साधारण १०,३५४. दुसऱ्या प्रकारात लोक डिसेंबरमध्ये विचारतात, ‘बोनस तर कधीच संपला, टॅक्स अजून जास्त का?’ कारण हेच.

जुनी करप्रणाली निवडली असेल तर फेब्रुवारी-मार्चला धक्का बसतो. एप्रिलमध्ये तुम्ही घरभाडं, ८०सी ची दीड लाखांची गुंतवणूक वगैरे ‘करणार आहे’ म्हणून सांगितलेलं असतं आणि कंपनी त्यावर विश्वास ठेवून कमी टॅक्स कापते. जानेवारीच्या आसपास पुरावे मागते. पावत्या दिल्या नाहीत, किंवा वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर असून घरमालकाचा पॅन दिला नाही, की ती वजावट उडते आणि वर्षभराची कसर शेवटच्या दोन पगारांतून निघते. पैसे बुडत मात्र नाहीत. वजावट खरी असेल तर रिटर्नमध्ये दाखवून रिफंड मिळतो. कंपनीला सांगितलेली करप्रणालीही रिटर्न मुदतीत भरताना बदलता येते.

नोकरी बदलताना होणारी चूक

मला स्वतःला पहिल्यांदा नोकरी बदलली तेव्हा हे माहीत नव्हतं. रक्कम थोडकी होती म्हणून निभावलं. आत्ताच्या स्लॅबमध्ये ही चूक बरीच महाग पडू शकते.

समजा एप्रिल ते सप्टेंबर तुम्ही १ लाख महिना पगारावर होता. कंपनीने वर्षाचे १२ लाख धरले, स्टँडर्ड डिडक्शन जाऊन ११.२५ लाख, रिबेट, टीडीएस शून्य. ऑक्टोबरपासून नवीन कंपनी, पगार १ लाख ४० हजार. तिला आधीच्या पगाराची काहीच माहिती नाही. तिच्या हिशोबाने सहा महिन्यांचे ८.४० लाख, पुन्हा ७५,००० वजा, पुन्हा रिबेट, टीडीएस शून्य. दोन्हीकडे एक रुपयाही कापला गेला नाही आणि तुम्ही खुश.

पण आयकर खात्याला तुमचा पॅन एकच दिसतो. एकूण पगार १४.४० लाख, स्टँडर्ड डिडक्शन एकदाच, उत्पन्न १३.६५ लाख. रिबेटची मर्यादा ओलांडली. टॅक्स ८४,७५०, सेस धरून ८८,१४०. ही रक्कम जुलैमध्ये रिटर्न भरताना एकदम समोर येते, वर व्याज. टीडीएस वजा जाऊन वर्षाचा टॅक्स १०,००० किंवा जास्त उरत असेल तर अ‍ॅडव्हान्स टॅक्स भरायचा असतो. तो न भरल्यास एप्रिलपासून महिन्याला १ टक्का, आणि हप्ते चुकल्याचं व्याज वेगळं.

उपाय एका फॉर्मचा आहे. नवीन कंपनीत रुजू झाल्यावर फॉर्म १२बी भरून आधीचा पगार आणि कापलेला टीडीएस सांगायचा. ऑक्टोबरमध्येच सांगितलं असतं तर हेच ८८,१४० सहा महिन्यांत महिन्याला १४,६९० असे गेले असते. बऱ्याच ठिकाणी एचआर हा फॉर्म स्वतःहून मागत नाही. पोर्टलवर ‘आधीच्या नोकरीचं उत्पन्न’ अशा नावाखाली लपलेला असतो, शोधावा लागतो. हे लक्षात यायला उशीर झाला असेल तर ३१ मार्चच्या आत आयकर पोर्टलवरून स्वतः अ‍ॅडव्हान्स टॅक्स भरा, म्हणजे निदान एप्रिलपासूनचं व्याज लागत नाही.

कापलेले पैसे पोहोचले का?

स्लिपवर टीडीएस दिसला म्हणजे तो सरकारकडे जमा झाला असं नाही. कंपनीने तो पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत (मार्चचा ३० एप्रिलपर्यंत) भरायचा असतो आणि दर तिमाहीला तुमच्या पॅनसकट विवरण द्यायचं असतं. त्यानंतर तो तुमच्या फॉर्म २६एएस मध्ये दिसतो. आयकर पोर्टलवर लॉगिन केलं की हा फॉर्म फुकट बघता येतो. एप्रिल ते जूनचा टीडीएस ऑगस्टमध्ये तपासा, फॉर्म १६ ची जूनपर्यंत वाट बघू नका.

तिथे आकडा नसेल तर पेरोलला ईमेल करा, फोनवर बोलू नका. लेखी राहू द्या. कंपनीने कापला पण भरलाच नाही अशा वेळी कलम २०५ नुसार तेवढा टॅक्स तुमच्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही. मात्र रिटर्नमध्ये क्रेडिट जुळलं नाही की नोटीस तुम्हालाच येते, आणि तेव्हा हातात सॅलरी स्लिप आणि बँक स्टेटमेंट लागतं. नोकरी सोडली की कंपनीच्या पोर्टलचं लॉगिन बंद होतं, तेव्हा स्लिप दर महिन्याला डाउनलोड करून स्वतःच्या ईमेलवर ठेवा.