मोरेंझची अदलाबदल

१९३४ सालच्या शरद ऋतूंत कॅनडांतील माँट्रियल शहरीं एका हॉकीपटूच्या सन्मानार्थ मेजवानी देण्यांत आली. तो आपला संघ सोडून चालला होता, पण स्वतःच्या इच्छेनें नव्हे. संघाच्या मालकांनीं त्याला अमेरिकेंतील शिकागो शहराच्या संघास देऊन टाकलें होतें, आणि आतां तेच मालक यजमान होऊन त्याच्या गुणांचें वर्णन करीत होते. आपण या संघाशीं संबंधित असेपर्यंत याचा सात नंबरचा अंगरखा दुसऱ्या कोणाच्याहि अंगावर चढणार नाहीं, असें मालक लेओ दांदुराँ यांनीं त्या प्रसंगीं जाहीर केलें. ज्याची जागा दुसऱ्या कोणालाहि द्यावयाची नाहीं, त्याला घालवावयाचें तरी कशासाठीं, हा प्रश्न त्या वेळीं शहरांत पुष्कळांच्या ओठांवर होता.

भारतांत खेळली जाते ती मैदानावरची हॉकी निराळी, आणि कॅनडाची हॉकी निराळी. ती बर्फावर खेळली जाते. पायांत पोलादी पात्यांचे स्केट असतात, चेंडूच्या जागीं कठीण रबराची चपटी चकती असते, आणि प्रत्येक बाजूचे सहा गडी लाकडी कठड्यांनीं वेढलेल्या अंगणांत विलक्षण वेगानें एकमेकांवर चाल करून जातात. परंतु याहूनहि मोठा फरक पैशाचा आहे. ध्यानचंद पलटणींतील शिपाई होता. तो खेळे तो हौसेनें आणि देशासाठीं. कॅनडांत मात्र १९१७ सालीं राष्ट्रीय हॉकी संघमंडळ स्थापन झाल्यापासून वरच्या दर्जाची हॉकी हा सरळ सरळ धंदा झाला. खेळाडूनें एकदां करारावर सही केली कीं त्याचा खेळ हा मालकाच्या मालमत्तेचा भाग होई. मालकानें त्याला ठेवावें, विकावें अथवा दुसऱ्या खेळाडूशीं बदलून घ्यावें. त्यांत खेळाडूची संमति विचारण्याचा प्रघात नव्हता. घोड्यांच्या बाजारांतील शब्द माणसांना लावणें बरें दिसत नाहीं. पण व्यवहार बराचसा त्याच जातीचा होता.

माँट्रियलच्या ज्या संघाची ही हकीकत आहे, त्याचें नांव कॅनेडियन्स. १९०९ सालीं तो निघाला तो शहरांतील फ्रेंच भाषिक लोकांचा संघ म्हणून. इंग्रजी बोलणाऱ्यांचा मरून्स हा संघ १९२४ सालीं निघाला, आणि पुढें दोन्ही संघ फोरम नांवाच्या एकाच क्रीडागृहांत खेळूं लागले. ज्या शहरांत भाषेवरून शेजारी शेजाऱ्याला ओळखतो, तेथें दोन संघांतील सामना हा निव्वळ खेळ राहत नाहीं. १९२१ सालीं दांदुराँ, जोसेफ कॅटरिनिच आणि लुई लेतूर्नो या त्रिकुटानें कॅनेडियन्स संघ अकरा हजार डॉलरांना विकत घेतला.

दांदुराँ यांच्या स्वभावांत जुगाऱ्याचें धाडस आणि व्यापाऱ्याची नजर दोन्हीं होतीं. संघ हातीं येऊन वर्ष होतें न होतें तोंच त्यांनीं न्यूझी लालाँड या संघाच्या सर्वांत मोठ्या खेळाडूला पश्चिमेकडील सॅस्कटून येथें धाडून दिलें, आणि बदल्यांत ऑरेल जोलिया नांवाचा एक अपरिचित, अंगानें लहानखुरा तरुण पत्करला. लोक संतापले. पण जोलियानें पुढें सोळा वर्षें त्या संघाची सेवा केली, आणि ही अदलाबदल मालकांच्या दूरदृष्टीचें उदाहरण म्हणून सांगितली जाऊं लागली. लोकांचा रोष म्हणजे त्यांच्या अज्ञानाचा पुरावा, अशी एखाद्या मालकाची समजूत व्हावयास एवढें यश पुरेसें असतें. १९३४ च्या प्रसंगाकडे पाहतांना हा १९२२ चा प्रसंग विसरून चालत नाहीं.

हाउई मोरेंझ याचा जन्म १९०२ सालीं ओंटारिओ प्रांतांतील मिचेल या लहान गांवीं, जर्मन वंशाच्या कुटुंबांत झाला. पुढें स्ट्रॅटफर्ड येथें रेल्वेच्या कारखान्यांत काम करतां करतां तो हौशी हॉकी खेळे. १९२३ सालीं दांदुराँ यांनीं त्याची सही मिळविली. ८५० डॉलर आगाऊ दिले. परंतु गांवच्या लोकांनीं त्याला जाऊं नये म्हणून गळ घातली, आणि मुलानें पैसे परत पाठविले. करारांतून मोकळें करा म्हणून तो स्वतः माँट्रियलला जाऊन विनवणी करून आला. दांदुराँ यांनीं ऐकलें नाहीं. पुढें ज्या संघाबाहेर राहणें त्याला असह्य झालें, त्या संघांत तो असा नाइलाजानें आला होता.

पहिल्याच हंगामांत, १९२४ सालीं, संघानें स्टॅन्ले चषक जिंकला. त्यानंतरचीं आठ वर्षें मोरेंझचीं होतीं. चकती मिळतांच तो आपल्या बाजूच्या टोंकापासून थेट प्रतिपक्षाच्या गोलापर्यंत असा कांहीं सुटे कीं बसलेले प्रेक्षक आपोआप उभे राहत. १९२९-३० च्या हंगामांत ४४ सामन्यांत त्यानें ४० गोल केले. १९३० आणि १९३१ असा दोनदां लागोपाठ चषक आला. सर्वांत मोलाच्या खेळाडूला मिळणारें हार्ट पारितोषिक त्यानें १९२८, १९३१ आणि १९३२ असें तीनदां पटकाविलें. फ्रेंच भाषिकांच्या त्या संघानें एका जर्मन आडनांवाच्या, ओंटारिओच्या मुलाला आपला मानलें, ही गोष्ट त्या काळच्या माँट्रियलमध्यें लहान नव्हती.

मग आंकडे उतरूं लागले. १९३१-३२ सालीं २४ गोल, पुढच्या वर्षीं १४, आणि १९३३-३४ सालीं अवघे ८. या शेवटच्या हंगामांत त्याला दुखापतींनीं गांठलें होतें आणि ३९ च सामने खेळतां आले. फोरममध्यें जे लोक त्याच्यासाठीं उभे राहत, त्यांच्यांतूनच आतां हुर्यो उठूं लागली. प्रेक्षकाचें प्रेम हें कर्जासारखें असतें. तें व्याजासकट वसूल होतें.

त्यांत जगावर आर्थिक मंदीचें संकट कोसळलें होतें. पिट्सबर्गचा संघ फिलाडेल्फियास नेऊन पाहिला, त्यानें ४४ पैकीं ४ सामने जिंकले आणि १९३१ मध्यें तो बुडाला. ज्या ऑटावा संघानें एके काळीं चषकांची रास रचली होती, तो १९३४ सालीं सेंट लुईस येथें हलविण्यांत आला आणि एका वर्षांत संपला. मंडळानें १९३४-३५ साठीं प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर ६२,५०० डॉलरांची आणि एका खेळाडूच्या पगारावर ७,००० डॉलरांची मर्यादा घातली. अशा वेळीं आठ गोल करणाऱ्या महागड्या खेळाडूकडे मालक कोणत्या दृष्टीनें पाहत असेल, हें सांगावयास नको.

मालकांचा पक्ष थोडक्यांत असा होता: मोरेंझचा सारा खेळ वेगावर उभा, बत्तिशीच्या पुढें वेग परत येत नाहीं, आणि बाजारांत नांवाला किंमत आहे तोंवरच त्याच्या बदल्यांत तरुण गडी मिळवावे. १९२२ मध्यें हेंच केलें होतें आणि तें फळाला आलें होतें. योगायोग असा कीं, त्या वेळीं ज्याला घालविलें तो लालाँडच आतां संघाचा शिक्षक होता.

हा युक्तिवाद दिसतो तितका निर्दोष नाहीं. जोलिया मोरेंझपेक्षां वर्षभरानें वडीलच होता. त्याच १९३३-३४ च्या हंगामांत त्याला हार्ट पारितोषिक मिळालें. तेव्हां दोष वयाचा म्हणावा तर तो एकालाच कां लागावा? दुखापतींनें गेलेल्या एका वर्षावरून माणसाचा शेवट ठरवावयाचा कीं त्यामागील दहा वर्षांवरून? शिवाय संघाच्या अपयशाचा हिशेब एकाच्या नांवें मांडणें सोयीचें असलें तरी खरें नसतें. १९३४ च्या वसंतांत कॅनेडियन्सना शिकागोनें अवघ्या एका गोलाच्या फरकानें स्पर्धेबाहेर घालविलें, आणि तोच शिकागो संघ पुढें चषक घेऊन गेला. म्हणजे संघ अगदींच मोडकळीस आला होता असें नव्हतें. कोसळला तो नंतर.

शिकागोला या व्यवहाराची निकड होती तिचें कारण दुःखद होतें. चषक जिंकून दोन महिने होतात न होतात तोंच, जून १९३४ मध्यें, त्यांचा गोलरक्षक आणि कप्तान चार्ली गार्डिनर वारला. त्यांना गोलरक्षक हवा होता. माँट्रियलपाशीं लॉर्न शाबो होता. ऑक्टोबरमध्यें मोरेंझ, शाबो आणि मार्टी बर्क शिकागोस गेले आणि तिकडून लायनेल कॉनाकर, रॉजर जेंकिन्स आणि लेरॉय गोल्डस्वर्दी आले. पण कॉनाकर कॅनेडियन्ससाठीं एक दिवसहि खेळला नाहीं. दांदुराँ यांनीं त्याला, आणि बरोबर हर्ब केन या नवख्या मुलाला, लगेच मरून्सकडे देऊन त्यांच्याकडून नेल्स क्रचफील्ड हा मॅकगिल विद्यापीठाचा गाजलेला विद्यार्थी खेळाडू घेतला. उद्यांचा मोरेंझ म्हणून त्याच्याकडे पाहिलें जात होतें.

या सौद्याचा जमाखर्च मांडला तर तो कठोर दिसतो. शाबोनें त्याच हंगामांत सर्वोत्तम गोलरक्षकाचें व्हेझिना पारितोषिक मिळविलें. तें पारितोषिक कॅनेडियन्सच्या दिवंगत गोलरक्षकाच्या स्मरणार्थ दांदुराँ आणि त्यांच्या भागीदारांनींच ठेवलेलें होतें. कॉनाकरसह मरून्सनीं १९३५ च्या एप्रिलमध्यें स्टॅन्ले चषक जिंकला, तोहि त्याच फोरमच्या भाडेकरूंनीं, शेजारच्या खोलींतून. हर्ब केन यानें पुढें बोस्टनकडून खेळतांना १९४३-४४ मध्यें ८२ गुणांचा उच्चांक केला. आणि क्रचफील्ड? त्यानें त्या हंगामांत पांच गोल केले. १९३५ च्या सप्टेंबरांत मोटार अपघातांत त्याच्या डोक्यास जबर इजा झाली आणि त्याचा खेळ कायमचा थांबला. अपघाताचा दोष अर्थातच कोणाच्या हिशेबांत धरतां येत नाहीं; पण तो वगळला तरी तराजूचें पारडें फारसें हलत नाहीं.

मोरेंझनें शिकागोकडून ८ च गोल केले, पण २६ गोलांना हातभार लावला. संपलेल्या खेळाडूचे हे आंकडे नव्हेत. पूर्वीच्या मोरेंझचेहि नव्हेत. त्याच हंगामांत पाहुण्या संघांतून फोरममध्यें खेळतांना त्यानें आपल्या जुन्या संघावर गोल केला, तेव्हां सारें क्रीडागृह उभें राहून त्याचा जयजयकार करूं लागलें. वर्षापूर्वी हुर्यो करणारे गळे त्यांत नव्हते असें कोण म्हणेल? शिकागोलाहि तो फार दिवस मानवला नाहीं. १९३६ च्या जानेवारींत त्याला न्यूयॉर्कला देण्यांत आलें. तेथेंहि त्याचा जम बसला नाहीं.

इकडे १९३५ मध्यें दांदुराँ आणि कॅटरिनिच यांनीं संघ १,६५,००० डॉलरांना विकून अंग काढून घेतलें. अकरा हजारांच्या मालाचे हे पैसे. धंदा म्हणून त्यांना नांवें ठेवण्यास जागा नाहीं. नव्या मालकांच्या वांट्याला जें उरलें होतें त्यानें १९३५-३६ मध्यें ४८ पैकीं ११ सामने जिंकले आणि साऱ्या मंडळांत शेवटचा क्रमांक मिळविला.

तेव्हां सेसिल हार्ट यांना शिक्षक म्हणून परत बोलाविण्यांत आलें. १९३० आणि १९३१ चे चषक त्यांच्याच हाताखालीं आले होते. हार्ट पारितोषिक हें त्यांच्या वडिलांनीं दिलेलें. त्यांनीं अट घातली: मोरेंझला परत आणा. ती मान्य झाली. १९३६-३७ मध्यें मोरेंझ, जोलिया आणि जॉनी गॅन्यों ही जुनी तिकडी पुन्हां एकत्र आली, आणि तळाचा संघ कॅनडा विभागांत पहिला आला. येथें एक गोष्ट सांगणें न्यायाचें आहे. त्या यशाचा मोठा वांटा बोस्टनहून अदलाबदलींत आणलेल्या बेब सीबर्टचा होता, आणि हार्ट पारितोषिक त्यालाच मिळालें. मोरेंझनें तीस सामन्यांत चार गोल केले. वेग गेला तो गेलाच होता. दांदुराँ यांचें तेवढें म्हणणें खोटें नव्हतें. पण सोळा गोल त्यानें सोबत्यांकडून करविले, आणि फोरम पुन्हां भरूं लागलें.

२८ जानेवारी १९३७ रोजीं शिकागोविरुद्ध खेळतांना चकतीमागें धांवत असतां तो कठड्यावर आदळला. मागून येणारा अर्ल सायबर्ट त्याच्या अंगावर पडला आणि त्याच्या पायाचें हाड अनेक ठिकाणीं मोडलें. इस्पितळांत प्रथम मित्रांची रीघ लागली. मग त्याचें मन खचलें आणि भेटीगांठी बंद करण्यांत आल्या. ८ मार्च रोजीं रात्रीं रक्ताची गुठळी होऊन त्याचा अंत झाला. वय ३४. तो काळीज फुटून मेला असें जोलिया पुढें म्हणे, आणि माँट्रियलमध्यें तीच समजूत रूढ झाली. डॉक्टरांचें कारण साधें होतें. पण ज्या शहरानें त्याला एकदां घालवून दिलें होतें, त्या शहराला साधें कारण पुरेसें वाटलें नाहीं. ११ मार्चला फोरमच्या मध्यभागीं, जेथून तो चाल करून निघे तेथें, त्याची शवपेटी ठेवण्यांत आली आणि हजारों लोक अबोल बसून राहिले.

२ नोव्हेंबर १९३७ रोजीं त्याच्या कुटुंबाच्या मदतीसाठीं सामना झाला. माँट्रियलचे दोन्ही संघ त्या दिवशीं एक झाले आणि मंडळांतील निवडक खेळाडूंशीं ६-५ असे हरले. सामन्याचें उत्पन्न ११,४४७ डॉलर झालें. १९२१ सालीं अख्खा संघ जेवढ्याला मिळाला होता, त्याहून थोडें अधिक. सात नंबरचा अंगरखा त्या संघानें कायमचा बाजूला ठेवला. मोरेंझच्या खेळाच्या पोशाखाचा त्या वेळीं लिलाव पुकारण्यांत आला, आणि ५०० डॉलरांची बोली करून तो एका जुन्या मालकानें घेतला. ते जोसेफ कॅटरिनिच होते. त्यांनीं तो पोशाख मोरेंझच्या मुलाच्या स्वाधीन केला.