प्राध्यापक बर्ली आणि मालकीचा प्रश्न

शेत विकत घेणाऱ्यास त्याच्या बांधावर उभें राहतां येतें, घर घेणाऱ्यास त्याचीं दारें लावतां-उघडतां येतात. परंतु एखाद्या मोठ्या कंपनीचे दहा भाग विकत घेणाऱ्याच्या हातीं काय येतें? कायद्याच्या भाषेंत तो मालकांपैकीं एक होतो. प्रत्यक्षांत त्याला वर्षाकांठीं लाभांश मिळण्याची आशा, वाटेल तेव्हां बाजारभावानें भाग विकून टाकण्याची मोकळीक, आणि वार्षिक सभेस स्वतः जाणें जमत नसल्यास आपलें मत दुसऱ्याच्या हवालीं करण्याचा एक छापील कागद, एवढेंच लाभतें. कारखाना त्यानें बहुधा पाहिलेलाहि नसतो. मग त्या कारखान्याचा धनी कोण, आणि जो कोणी धनीपणा गाजवितो त्यानें हित तरी कोणाचें पहावें? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अमेरिकेंतील एका कायद्याच्या प्राध्यापकानें हा प्रश्न अशा नेटानें मांडला कीं, पुढें कंपनी-कायद्याच्या कोणाहि अभ्यासकाला तो टाळून जातां आलें नाहीं. त्यांचें नांव अडॉल्फ ऑगस्टस बर्ली.

बर्ली यांचा जन्म २९ जानेवारी १८९५ रोजीं बॉस्टन शहरांत झाला. वडील धर्मोपदेशक होते. मुलांना केवळ शाळेच्या संथ चालीवर न सोडतां घरींच कसून शिकवावें असें त्यांचें मत होतें, आणि त्या मतावर त्यांनीं पुस्तकहि लिहिलें. या शिक्षणाचें फळ असें कीं, अडॉल्फ चौदाव्या वर्षीं हार्वर्ड विद्यापीठांत दाखल झाले आणि एकविसाव्या वर्षीं, १९१६ सालीं, कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडले. अकालीं पिकलेल्या बुद्धीला जो एक ताठा येतो तो त्यांनाहि आला होता. प्रा. फ्रँकफर्टर यांचा वर्ग पुरा करून ते पुढच्या वर्षीं पुन्हां त्याच वर्गांत येऊन बसले, आणि कारण विचारतां, मधल्या काळांत गुरुजी कांहीं नवें शिकले आहेत काय तें पाहावयास आलों, असें म्हणाले, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, ती त्यांना शोभून दिसते.

लुई ब्रँडाइस यांनीं नांवारूपास आणलेल्या बॉस्टनच्या वकिली कचेरींत बर्ली यांनीं सुमारें एक वर्ष काढलें. मग महायुद्ध आलें. लष्करांतून ते १९१९ च्या पॅरिस शांतता-परिषदेला अमेरिकन शिष्टमंडळाचे रशियाविषयक तज्ज्ञ म्हणून गेले, आणि तहाच्या अटी न पटल्यामुळें राजीनामा देऊन परत आले. चोविसाव्या वर्षीं असा राजीनामा देण्यास धैर्य लागतें. थोडा ताठाहि उपयोगी पडतो. नंतर त्यांनीं न्यूयॉर्कमध्यें वकिली सुरू केली, कांहीं वर्षें हार्वर्डच्या व्यापार-शाळेंत कंपन्यांच्या अर्थव्यवहाराचा विषय शिकविला, आणि १९२७ मध्यें ते कोलंबिया विद्यापीठाच्या कायदेशाळेंत आले. तेथेंच त्यांची पुढील साडेतीन दशकांची अध्यापकी झाली.

त्या काळीं कंपनी-कायदा शिकविणें म्हणजे मुख्यतः सनदा, ठराव आणि सभांचे नियम शिकविणें. बर्ली यांची दृष्टि भांडवल कसें उभें राहतें आणि त्यावर हुकमत कोणाची चालते, याकडे होती. अशी दृष्टि येण्यास काळहि अनुकूल होता. एकट्या डॉज या नांवाभोंवतीं घडलेल्या दोन गोष्टी पाहिल्या तरी तें ध्यानांत येईल. जॉन व होरेस डॉज या बंधूंचा हेन्री फोर्ड यांच्या मोटार-कंपनींत दहावा हिस्सा होता. मोटारींच्या किंमती उतरवाव्या, कारखाना वाढवावा आणि त्यासाठीं विशेष लाभांश वांटूं नये, असें फोर्ड यांनीं ठरविलें. तेव्हां डॉज बंधूंनीं न्यायालयाकडे धांव घेतली. कंपनी ही प्रधानतः भागधारकांच्या नफ्यासाठीं चालवावयाची असते असें सांगून मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयानें १९१९ मध्यें सुमारें १ कोटी ९० लक्ष डॉलर वांटण्याचा हुकूम कायम केला. कारखान्याच्या वाढीच्या आड मात्र तें आलें नाहीं. पुढील वर्षीं दोघेहि भाऊ वारले. त्यांच्या स्वतःच्या मोटार-कंपनीचें काय झालें तें पहा. विधवांनीं ती १९२५ मध्यें डिलन, रीड या पेढीला १४ कोटी ६० लक्ष डॉलरांना विकली. पेढीनें लोकांना रोखे विकून पैसा उभा केला. परंतु लोकांच्या पदरीं पडलेल्या भागांना मताधिकार नव्हता, आणि मताधिकाराचे भाग पेढीनें आपल्यापाशीं ठेवले. सुमारें साडेबावीस लक्ष डॉलरांच्या जोरावर तेरा कोटींची कंपनी तिच्या मुठींत राहिली, असा हिशेब बर्ली यांच्या ग्रंथांत दिला आहे. एका खटल्यांत भागधारक हा राजा ठरला होता. सहा वर्षांनीं त्याचें राजेपण एका कलमानें काढून घेतलें गेलें, आणि दोन्ही गोष्टी कायदेशीर होत्या.

हा ग्रंथ म्हणजे १९३२ चा ‘आधुनिक कंपनी आणि खासगी मालमत्ता’. त्यांत बर्ली यांचे सहकारी होते गार्डिनर मीन्स. मीन्स अर्थशास्त्राचे अभ्यासक खरे, पण त्यापूर्वीं त्यांनीं स्वतः विणकामाचा एक छोटा कारखाना चालविला होता. आंकड्यांचा भार मुख्यतः त्यांच्यावर आणि कायद्याचा बर्ली यांच्यावर, अशी वांटणी होती. बँका वगळून अमेरिकेंतील सर्वांत मोठ्या दोनशें कंपन्या त्यांनीं तपासल्या. १९३० च्या आरंभीं, बँकांखेरीजच्या सर्व कंपन्यांच्या मिळून असलेल्या संपत्तीपैकीं जवळ जवळ अर्धी या दोनशें कंपन्यांकडे होती. आणि त्या दोनशांपैकीं शेंकडा ४४ कंपन्या, संपत्तीच्या मानानें शेंकडा ५८, अशा होत्या कीं त्यांत कोणाहि मालकाची सत्ता नव्हती. सत्ता होती ती व्यवस्थापकांची. अमेरिकन टेलिफोन व टेलिग्राफ कंपनीचें उदाहरण ग्रंथकारांना फार आवडलेलें दिसतें. चार अब्जांहून अधिक डॉलरांची मालमत्ता, साडेचार लक्षांवर नोकर, साडेपांच लक्षांवर भागधारक. आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या भागधारकाकडे शेंकडा एक भागहि नाहीं!

इतक्या विखुरलेल्या मालकांना एकत्र आणून संचालकांना हटवावयाचें म्हटलें तर काय करावें लागतें, तें १९२९ मध्यें धाकट्या रॉकफेलर यांनीं अनुभविलें. इंडियानाच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीचे अध्यक्ष कर्नल स्ट्यूअर्ट यांचें तेलप्रकरणाच्या चौकशींतील वर्तन त्यांना रुचलें नाहीं. कंपनींत रॉकफेलर यांचे भाग शेंकडा १५ च्या आंतबाहेर होते, नांव जगभर दुमदुमत होतें, पैशाला तोटा नव्हता. तरी अध्यक्षांना घालविण्यासाठीं त्यांना भागधारकांच्या मतपत्रांची मोठी मोहीम उभारावी लागली. रॉकफेलर जिंकले. दहा भाग बाळगणाऱ्या शाळामास्तरानें अशी मोहीम काढण्याचा विचारहि करूं नये.

ग्रंथांतील आंकड्यांवर पुढें आक्षेप आले, आणि ते रास्त होते. व्यवस्थापकांची सत्ता म्हणून गणलेल्या पुष्कळ कंपन्यांविषयीं प्रत्यक्ष पुरावा नव्हता. मोठा मालक दिसत नाहीं, म्हणून तो नाहींच, असें अनुमान बांधलें होतें. पण ग्रंथाचा मुख्य मुद्दा आंकड्यांच्या या दोषानें ढासळत नाहीं.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास जाणणाऱ्याला यांत फारसें नवल वाटणार नाहीं. मॅनेजिंग एजंटांच्या पेढ्या थोड्या भागांच्या आणि मोठ्या करारपत्रांच्या बळावर लोकांच्या भांडवलाच्या गिरण्या चालवीत. १९३६ च्या दुरुस्तीनें अशा नेमणुकीला वीस वर्षांची मर्यादा घातली, आणि १९७० मध्यें ही पद्धतच भारतांत बंद झाली. फरक इतकाच कीं, मुंबईंत सत्ता चालविणाऱ्या घराण्याचें नांव पाटीवर रंगविलेलें असे. अमेरिकेंत ती पगारी अधिकाऱ्याच्या हातीं गेली होती आणि त्याचें नांव कोणाला ठाऊक नव्हतें.

आतां खरा वाद. १९३१ मध्यें हार्वर्डच्या कायदेविषयक नियतकालिकांत बर्ली यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, संचालकांना मिळालेला प्रत्येक अधिकार हा विश्वस्ताचा अधिकार आहे, आणि तो सर्व भागधारकांच्या प्रमाणशीर हितासाठींच वापरला पाहिजे. विश्वस्त हा शब्द ऐकतांच भारतीय माणसाला महात्मा गांधींची आठवण होते. परंतु गांधीजींची भिस्त धनिकाच्या सदसद्विवेकावर होती, बर्ली यांची न्यायाधीशाच्या हुकुमावर. त्यांना १९३२ मध्यें उत्तर दिलें हार्वर्डच्या प्रा. मेरिक डॉड यांनीं. कंपनी ही समाजाची सेवाहि करते, मजूर, गिऱ्हाईक व सर्वसाधारण जनता यांच्याविषयींहि तिचीं कर्तव्यें आहेत आणि लोकमत तिकडेच वळत आहे, असा डॉड यांचा पक्ष होता. वर्ष मोठें विचित्र होतें. बेकारांच्या रांगा लागल्या होत्या, बँका बुडत होत्या. अशा वेळीं भागधारकाची बाजू घेऊन उभें राहणें हें कठोरपणाचें वाटे. परंतु बर्ली यांचा प्रत्युत्तरांतला युक्तिवाद आजहि बोचतो. भागधारकाचें बंधन सोडावयाचें असेल तर त्याच्या जागीं दुसरें स्पष्ट व बजावतां येण्यासारखें बंधन आधीं आणा. तें आणलें नाहीं, तर सर्वांचा विश्वस्त म्हणविणारा व्यवस्थापक कोणालाच जबाबदार राहणार नाहीं.

गंमत अशी कीं, त्याच वर्षीं निघालेल्या त्यांच्या ग्रंथाचें शेवटचें प्रकरण डॉड यांच्या बाजूला झुकलेलें आहे. समाजानें आपला हक्क सुसंगतपणें मांडला तर भागधारकांचे आणि व्यवस्थापकांचे दोहोंचेहि दावे त्यापुढें मागें पडावे, असें तेथें म्हटलें आहे. ही विसंगति अनेकांनीं दाखविली. ती विसंगति म्हणण्यापेक्षां दोन कामांतला फरक म्हणणें अधिक न्यायाचें होईल: एकीकडे वकील आजचा कायदा सांगत होता, दुसरीकडे प्राध्यापक उद्यांचा कल्पीत होता.

उद्यांचा कायदा घडविण्याची संधि लवकरच आली. १९३२ च्या निवडणुकीसाठीं फ्रँकलिन रुझवेल्ट यांनीं कोलंबियाचे तीन प्राध्यापक, मोली, टगवेल व बर्ली, सल्ल्यासाठीं जवळ केले. वर्तमानपत्रांनीं त्यांना ‘ब्रेन ट्रस्ट’ हें नांव दिलें. २३ सप्टेंबर १९३२ रोजीं सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉमनवेल्थ क्लबांत रुझवेल्ट यांनीं जें भाषण केलें त्याचा मसुदा बर्ली यांचा होता. सहाशेंच्यावर कंपन्या देशाच्या दोन-तृतीयांश उद्योगावर सत्ता गाजवितात, हें वाक्य आतां वर्गांतल्या फळ्यावरून राष्ट्राच्या कानीं गेलें. रोखे विकणाऱ्यानें खरी माहिती उघड केली पाहिजे हा १९३३ चा कायदा, आणि रोखे-बाजारावर देखरेख ठेवणारें मंडळ स्थापणारा १९३४ चा कायदा, यांना जी बौद्धिक हवा लागत होती ती या ग्रंथानें पुष्कळ अंशीं तयार केली. रुझवेल्ट यांना लिहिलेल्या पत्रांत बर्ली मायना लिहीत ‘प्रिय सीझर’. लोकशाहीच्या अध्यक्षाला असें संबोधणें थट्टेंतहि धोक्याचें. पण तो स्वभावच होता.

इतर पदें थोडक्यांत सांगतां येतील. महापौर ला गार्डिया यांच्या हाताखालीं ते न्यूयॉर्क शहराचे खजिनदार झाले. १९३८ ते १९४४ पर्यंत ते परराष्ट्रखात्यांत सहाय्यक मंत्री होते, शिकागोच्या १९४४ च्या विमान-वाहतूक परिषदेचे अध्यक्ष होते, आणि त्यानंतर सुमारें वर्षभर ब्राझीलमधील राजदूत होते. या कामगिरीबद्दल स्तुति व टीका दोन्ही झाल्या. पण कोलंबियाचा वर्ग त्यांनीं कायमचा कधीं सोडला नाहीं.

मध्यंतरीं न्यायालयें हळू हळू डॉड यांच्या दिशेनें सरकत होतीं. १९५३ मध्यें न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयापुढें एक लहानशा रकमेचा मोठा खटला आला. ए. पी. स्मिथ या कारखान्यानें प्रिन्स्टन विद्यापीठाला १,५०० डॉलर देणगी दिली होती. भागधारकांनीं हरकत घेतली. न्यायालयानें देणगी योग्य ठरविली. पुढच्याच वर्षीं बर्ली यांनीं आपल्या नव्या पुस्तकांत लिहून टाकलें कीं, वीस वर्षांपूर्वींचा वाद निदान तूर्त तरी डॉड यांच्या बाजूनें निकालांत निघाला आहे. डॉड तें वाचावयास नव्हते. ते १९५१ मध्यें निवर्तले होते. प्रतिपक्षीयाच्या मृत्यूनंतर दिलेली ही कबुली उदार खरी, परंतु ती अपुरी होती. १९५९ मध्यें बर्ली यांनीं खुलासा केला: डॉड जिंकले ही वस्तुस्थिति आहे, तसें होणें योग्य होतें, असें आपण म्हटलेलें नाहीं. त्याच वर्षींच्या दुसऱ्या पुस्तकांत त्यांनीं निवृत्तिवेतनाच्या निधींकडे बोट दाखविलें. नोकरदारांची बचत या निधींत जमते, निधि कंपन्यांचे भाग घेतात, आणि मालक व सत्ता यांच्या मधें आणखी एक व्यवस्थापक येऊन बसतो.

बर्ली १७ फेब्रुवारी १९७१ रोजीं न्यूयॉर्कमध्यें वारले. त्याच्या कांहीं महिने आधीं मिल्टन फ्रीडमन यांनीं, नियमांच्या चौकटींत राहून नफा वाढविणें हीच कंपनीची सामाजिक जबाबदारी, असा लेख लिहून जुनें भांडण पुन्हां पेटविलें होतें. पुढें कित्येक दशकें वारा त्या बाजूनें वाहिला. मग २०१९ मध्यें अमेरिकेंतील १८१ बड्या कंपन्यांच्या प्रमुखांनीं गिऱ्हाईक, नोकर, माल पुरविणारे, गांव आणि भागधारक या सर्वांशीं आपण बांधील आहों, अशा निवेदनावर सह्या केल्या. त्यांना त्याबद्दल न्यायालयांत खेंचण्याची सोय त्या निवेदनांत नव्हती. भारताच्या २०१३ च्या कंपनी-कायद्यांतील १६६ वें कलम याहून पुढें गेलें आहे. संचालकानें कंपनी, तिचे नोकर, भागधारक व समाज यांचें हित आणि पर्यावरणाचें रक्षण पहावें, असें तें स्पष्ट सांगतें. यांचे हितसंबंध एकमेकांस आड आले तर कोणाचें हित आधीं पहावें, याचा क्रम मात्र त्या कलमांत दिलेला नाहीं.